आगाशेकाकांचा रिकामा चौकोन

आमच्या वरच्या मजल्यावरचे आगाशेकाका कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघतात. लग्नाची पत्रिका दिली तर वधूवरांची नावं वाचायच्या आधी तिची कोरी पाठ उजेडाला धरतात. साडीची पाठ, नोटेची पाठ, अळूवडीचीसुद्धा पाठ. माझ्या बहिणीला बघायला आलेला मुलगा बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत ते गॅलरीत उभे होते. मग म्हणाले, "चालेल. समोरून काय हो, सगळेच बरे दिसतात. मागून बघा." तो मुलगा आता माझा मेहुणा आहे आणि चांगला निघाला, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

काका चाळीस वर्षं सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली : 'जुनी टपाल तिकिटे तपासून मिळतील. वेळ सायंकाळी ५ ते ६. निकालावर वाद घालू नये.' फी काहीच नाही, त्यामुळे वाद घालायची सोयही नाही.

लोक येत ते बहुतेक संस्थानी तिकिटं घेऊन. इंग्रजांच्या काळात ग्वाल्हेरसारखी संस्थानं इंग्रज राजाचंच तिकीट वापरत, फक्त त्यावर आपलं नाव छापून घेत. नुसतं तिकीट मिळायला सोपं, नाव छापलेलं अवघड. त्यामुळे घरच्या घरी नाव छापणारे कलावंत पुष्कळ. काका भिंग लावत आणि दोनच गोष्टी बघत. "छापखान्याच्या खिळ्याने छापलं की कागदाला मागून किंचित उठाव येतो. आणि नाव आधी छापतात, टपालाचा शिक्का नंतर बसतो. नाव शिक्क्याच्या वर चढलेलं दिसलं, की तिकीट आल्या वाटेने परत."

मग हातात चिठ्ठी पडे. माझ्या आजोबांचं तिकीट मी मोठ्या ऐटीत नेलं होतं. चिठ्ठी मिळाली : 'नकली. आजोबांचा दोष नसावा.' त्या 'नसावा'चा मला अजून राग आहे. मांजरी गावाहून दोन बस बदलून आलेल्या एका गृहस्थांनी तर गयावया केली, "काका, निदान 'बहुधा अस्सल' असं तरी लिहा."

"अहो, बहुधा अस्सल म्हणजे नकलीच. चहा घेणार?"

काकांना स्वतःला मात्र एकच तिकीट हवं होतं. ग्वाल्हेरचंच, पण नावातलं एक अक्षर चुकून बाकीच्यांपेक्षा उंच छापलं गेलेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला हा माणूस वीस वर्षं एका चुकीच्या मागे लागला होता. तिकिटांच्या वहीत त्यासाठी पेन्सिलीने चौकोन आखून ठेवला होता. आलेलं प्रत्येक उंच अक्षर त्यांनी स्वतःच नकली ठरवलं आणि चौकोन रिकामाच राहिला.

काकूंना या नादाची चीड. "कपटे उडू नयेत म्हणून पंखा बंद. उन्हाळाभर मी घामाने निथळते!"

काकांच्या पंच्याहत्तरीला आम्ही दहा-बारा माणसं जमलो होतो. औक्षण झालं आणि काकूंनी एक पुडकं पुढे केलं. आत फ्रेम, आणि फ्रेममध्ये उंच अक्षराचं ग्वाल्हेर! दुखऱ्या गुडघ्यांनी त्या एकट्या रिक्षा करून स्वारगेटपलीकडे तिकिटांच्या प्रदर्शनाला गेल्या होत्या आणि तीन तास टेबलामागून टेबल हिंडल्या होत्या.

"हरवू नये म्हणून पुठ्ठ्यावर खळीने पक्कं चिकटवलंय," त्या म्हणाल्या. "तो रिकामा चौकोन बघवत नव्हता हो मला."

जुन्या तिकिटाला खळ! आता ते जन्मात मागून बघता येणार नव्हतं. काकांनी भिंग लावलं. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. अक्षर उंच होतं, आणि सगळं नाव काळंभोर, ऐसपैस, शिक्क्याच्या वर चढून बसलेलं होतं. ते मला दिसलं, म्हणजे काकांना केव्हाच दिसलं असणार.

"चिठ्ठी द्या," काकू म्हणाल्या. "जगाला देता, मलाही द्या."

पाच वाजता दारात उभ्या राहणाऱ्या लोकांचा चेहरा असतो, तसाच त्यांचा झाला होता. या माणसाने सख्ख्या भावालाही 'नकली' लिहून दिलेलं मी पाहिलं होतं. काकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. आणि लिहिलं : 'अस्सल.' खाली सही केली. काकूंनी चिठ्ठी फ्रेमच्या कोपऱ्यात खोचली आणि त्या श्रीखंड वाढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी गायब. काका जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं.

"काढली," ते म्हणाले. "खोटी चिठ्ठी दिली ना मी. आता दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नकली म्हणू?"

"अहो काका, पण ते घरातल्या घरात..."

"नियम म्हणजे नियम. पश्चात्ताप नाही हो. परत वेळ आली तर परत तेच लिहीन. पण पाटी राहणार नाही."

मी उगाच त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि वर नेऊन दिली.

हल्ली पाच वाजता काका स्वतः चहा करतात. पंखा पूर्ण वेगात असतो. परवा गेलो तर काकू म्हणाल्या, "हल्ली यांच्याकडे कोणी येत नाही. लोकांना हौसच उरली नाही बघा."

"हो ना," काका म्हणाले आणि आत चहा गाळायला गेले.

वही टेबलावरच होती. मी ते पान काढलं. चौकोन खोडरबराने स्वच्छ पुसलेला होता.

"तिकीट मिळालं, आता कशाला हवा तो?" काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या शेजाराने मलाही सवय लागली आहे. मी पान उलटलं. मागून बोट फिरवलं, तर चारही रेघांचा उठाव जसाच्या तसा हाताला लागत होता.

वर बघितलं तर काका कप घेऊन समोर उभे होते. त्यांनी हळूच माझ्या हातातली वही घेतली आणि मिटली.

"चहा घ्या," ते म्हणाले. "गार होतोय."