तपकिरी पँटची साक्ष

डॉक्टर आले होते कोट सैल करून घ्यायला. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर आला की ते दर वर्षी यायचे, कारण सुट्ट्यांत त्यांना चार घरी जेवायला जायचं असे आणि कोटाची बटणं त्याला राजी नसत. टेलर मास्तरांनी त्यांच्या पोटाभोवती टेप गुंडाळला. "श्वास सोडा डॉक्टर, माणूस पोट आत ओढतो, पण कापड खोटं बोलत नाही," हे आपलं नेहमीचं वाक्य ऐकवलं, आणि खाली पडलेला खडू उचलायला वाकले ते टेबलाला धरूनच वर आले. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. डॉक्टरांनी कोट बाजूला ठेवला, पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि मास्तरांना त्यांच्याच स्टुलावर बसवलं.

यंत्राने जे सांगितलं ते डॉक्टरांना आवडलं नाही. गोड बंद, रोज चालणं, वेळेवर झोप, आणि मुख्य म्हणजे डोक्याला ताप नको, असा हुकूम सुटला. आता ज्या दिवसांत सगळ्या गावाला एकाच वेळी नवे कपडे हवे असतात, त्या दिवसांत शिंप्याने डोक्याला ताप करून घ्यायचा नाही म्हणजे पाण्यात पडून कोरडं राहण्यासारखंच. पण डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. मास्तरांनी मान डोलवली. डॉक्टर जिना उतरले तसा एका गिऱ्हाइकाने प्रेमाने आणलेला केक मास्तरांनी उघडला. म्हणे डोकं शांत ठेवायला तेवढाच आधार.

बायकोने हे पडद्याआडून पाहिलं आणि सरळ लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात राहायची. ती वडिलांवरच गेली होती, म्हणजे एकदा मनात घेतलं की ऐकायची नाही. तिने फर्मान काढलं की हंगाम संपेपर्यंत बाबांचं पोट उतरलं नाही, तर मशीनला कुलूप लागेल आणि दोघांनी तिच्याकडे कायमचं राहायला यायचं. तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं, त्याला छान बाल्कनी होती, आणि बाल्कनीत एक आरामखुर्ची होती. त्या खुर्चीचं नाव काढलं की मास्तर विषय बदलायचे. गेल्या वर्षी आठवडाभर ते तीत बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या विजारींची लांबी डोळ्यांनीच कमी-जास्त करत दिवस काढले होते.

"बरं, पण पोट उतरलं की नाही हे ठरवणार कोण?" मास्तरांनी विचारलं. वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दुसऱ्यांची पोटं मोजण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या पोटाला टेप लावायचा धीर त्यांना कधीच झाला नव्हता. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. त्यांची ठेवणीतली तपकिरी पँट होती, लेकीच्या लग्नात शिवलेली, हल्ली जेमतेम बसणारी. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ती सगळ्यांसमोर घालून दाखवायची. कमरेला सैल झाली तर मशीन राहणार. लेकीला हे पटलं. कापड खोटं बोलत नाही, हे तीही लहानपणापासून ऐकत आली होती.

झालं, पँट कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात खुंटीवर लटकली. रोज सकाळी अंघोळ झाली की मास्तर ती चढवून बघायचे, पुन्हा लटकवायचे आणि नाडीचा पायजमा घालून कामाला बसायचे. पहिले काही दिवस पँट होती तशीच होती, त्यामुळे मास्तरही होते तसेच होते. चालायला जा म्हटलं की मशीनवर पाय चालतात तेवढे पुरे असं म्हणायचे. गिऱ्हाइकं केक, बिस्किटं, मिठाई आणतच होती.

बायकोने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हटल्यावर बोट वाकडं करणं आलं. एका सकाळी मास्तर अंघोळीला गेले तशी तिने पँट उतरवली, मागची शिवण बोटभर आत घेतली आणि पँट पुन्हा खुंटीवर ठेवली. मागची शिवण एकच असते, काम झटपट होतं. टाके ती नवऱ्याकडूनच शिकलेली, धागा तोच, मशीन तेच. देवालाही ओळखू आलं नसतं.

मास्तर बाहेर आले, पँटमध्ये शिरले, आणि बटण लावताना त्यांचे डोळे बाहेर यायची वेळ आली.

"काय हो, काय झालं?" बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं.

"कुठं काय," मास्तर श्वास रोखून म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी केकला हात लावला नाही. उलट शिवून झालेले कपडे स्वतः घरोघर पोचवायला चालत गेले. बायको मनातल्या मनात खूश झाली. राहिलेल्या केकचा प्रश्न होता. अन्न टाकायचं तर जिवावर येतं, समोर ठेवावं तर मास्तरांचा भरवसा नाही. तेव्हा तो तिनेच संपवला.

इकडे मास्तरांना घोर लागला. चालूनही पँट घट्टच. लेक आली तर सरळ बाल्कनी. दुपारी बायकोचा डोळा लागला तसे ते कोपऱ्यात शिरले आणि पँट उलटी केली. आपल्या कपड्यांत आतल्या बाजूला जास्तीचं कापड, म्हणजे माया, भरपूर सोडायची ही त्यांची पद्धत. आज ती त्यांच्याच उपयोगी आली. मात्र मागच्या शिवणीला त्यांनी हात लावला नाही. मागची शिवण उसवली की चोरी चारचौघांत दिसते, बाजूच्या शिवणी शर्टाखाली झाकल्या जातात, हे ते गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. बाजूच्या दोन्ही शिवणींतून मिळून बोटभर कापड बाहेर आलं. पँट पुन्हा बसायला लागली. मास्तरांना लाज वाटली, पण ती पँटइतकी घट्ट नव्हती.

आता दुसऱ्या सकाळी बायको पाहते तो काय, आत घेतलेली पँट नवरा सहज चढवतोय. तिला वाटलं, एवढ्याशा चालण्याने गुण आला. मग थांबायचं कशाला? दोन-चार दिवस जाऊ देऊन तिने मागून आणखी बोटभर आत घेतली. मास्तरांनी घाबरून दुपारी बाजूने बोटभर सोडली. ती एक पाऊल पुढे टाकत होती, हे एक पाऊल मागे घेत होते, आणि पँट होती तिथेच होती.

फक्त आकार बदलला. मास्तर एकदा ती घालून शेजारच्या सलूनवाल्याला दाखवायला गेले. सलूनवाल्याने त्यांना आरशासमोर फिरवलं, मागून नीट पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या शेजारी राहायला आलेत."

कुठल्याही शिंप्याने एवढ्यावरून ओळखलं असतं. पण मास्तरांनी ती खूण वाचली ती भलतीच. आपण आता मागूनही सुटलो, कापड ओढलं जातंय, असं त्यांना वाटलं. ते खुर्चीत मटकन बसले. गोड सोडलं, चाललो, काकड्या खाल्ल्या, तरी अंग वाढतंच आहे म्हणजे दुखणं वेगळंच आहे.

"काळजी," सलूनवाला कात्री वाजवत म्हणाला. "काळजीनं पोट सुटतं. तुम्ही काम कमी घ्या आणि जरा हसत जा."

सलूनवाल्याने हे कुठे वाचलं होतं कोण जाणे, पण मास्तरांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते उठल्याउठल्या आरशासमोर उभे राहून हसू लागले. पहिल्या दिवशी बायको हातात कालथा घेऊन धावत आली. दुपारी दुकानाला कुलूप आणि फोन बंद. एक गिऱ्हाईक घाईघाईने कापड घेऊन आलं आणि परवा हवं म्हणालं, तेव्हा मास्तरांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. म्हणून झाल्यावर स्वतःच दचकले. पण गिऱ्हाईक रागावलं नाही. हंगामानंतर चालेल म्हणालं. मास्तरांना वाटलं, अरे, हे इतकं सोपं होतं? मग त्यांनी आणखी दोघांना नाही म्हटलं. संध्याकाळी मशीन झाकून चालायला जाऊ लागले, वाटेत लोकांशी थांबून बोलू लागले, घरी येऊन गाढ झोपू लागले. हंगामात मास्तरांच्या घोरण्याचा आवाज गल्लीने प्रथमच ऐकला.

आणि त्या घोरण्याशेजारी बायको छताकडे बघत पडू लागली. तिने तिसऱ्यांदा पँट आत घेतली होती आणि नवऱ्याने तीही सहज घातली होती. पोट उतरावं हे खरं, पण माणूस इतक्या भराभर रोडावतो? त्यात एकटाच हसतो, आलेलं काम परत पाठवतो. यांना काहीतरी मोठा आजार झालाय आणि आपण शिवणी आवळत बसलोय, या विचाराने तिचं काळीज चरकायचं. विचार आला की तिला काहीतरी तोंडात टाकावंसं वाटायचं, आणि गिऱ्हाइकांचे डबे तर येतच होते. ते मास्तरांपासून लपवायचे म्हणून तिने कपाटात ठेवले होते, आणि कपाटापाशी तिच्या फेऱ्या वाढल्या होत्या.

शेवटचा दिवस उजाडला. लेक सकाळच्याच गाडीने येणार होती. डॉक्टरही कोट न्यायला येणार होते. बायको चहा घेऊन दुकानात आली तेव्हा मास्तर मशीनसमोर उभे होते. त्यांनी मशीनच्या चाकावरून हात फिरवला, सुईखालचा धूळकण फुंकला आणि झाकण हळूच बसवलं. तिने चहा बाजूला ठेवला. तिलाही ती बाल्कनी नको होती. हे मशीन नसलं तर हा माणूस कुणाशी भांडणार आणि कशावर हात ठेवून गप्प बसणार? आजारी असतील तर डॉक्टर बघून घेतील, पण आपल्या हातच्या पापामुळे ते हरायला नकोत. मास्तर अंघोळीला गेल्याबरोबर तिने मागची शिवण उसवली आणि इतक्या दिवसांत आत घेतलेलं सगळं कापड मोकळं सोडून पुन्हा टाके घातले.

ती लेकीला आणायला कोपऱ्यापर्यंत गेली आणि मास्तर बाहेर आले. आज पँट घालून बघायचं त्यांना धाडस झालं नाही. विषाची परीक्षा कोण घेणार? त्यांनी ती सरळ उलटी केली आणि बाजूच्या शिवणींत जेवढी माया उरली होती तेवढी सगळी सोडून टाकली.

लेक आली, डॉक्टर आले, सलूनवाला बोलावलं नसताना आला. मास्तर पडद्यामागे गेले. पट्टा लावायचा नाही ही लेकीची अट होती. आत कापडाची बरीच सळसळ झाली. मग पडदा सरला आणि मास्तर दोन्ही हातांनी कंबर धरून बाहेर आले.

"हात काढा बाबा," लेक म्हणाली.

"कशाला?"

"काढा म्हणते ना."

मास्तरांनी हात काढले. पँट क्षणभरही थांबली नाही. ती सरळ घोट्यांपर्यंत गेली आणि तपकिरी ढीग होऊन बसली. लांब शर्टाने अब्रू राखली. सलूनवाल्याने शिट्टी वाजवली. लेकीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"बाबा, एवढे वाळलात? डॉक्टर, बघा हो आधी यांना."

डॉक्टरांनी मास्तरांना पुन्हा स्टुलावर बसवून दंडाला पट्टा गुंडाळला. एकदा पाहिलं, खात्री करायला पुन्हा पाहिलं. रक्तदाब छान उतरला होता. नाडी शांत, चेहऱ्यावर तजेला, पोटही खरोखरच थोडं आत. पँट म्हणत होती तेवढं नव्हे, पण उतरलं होतं. काही आजार नाही, असेच राहा, मशीन चालवायला हरकत नाही, असं ते म्हणाले. लेक हरली आणि हरल्याचा तिला आनंद झाला.

मास्तरांनी मात्र चष्मा लावला होता. त्यांनी पँट उचलून मांडीवर घेतली होती आणि ते मागची शिवण बघत होते. कापडावर सुईच्या भोकांच्या तीन रांगा एकीशेजारी एक स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी हळूच मान वर करून बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्या खांद्यावरून बाजूच्या शिवणींकडे बघत होती. तिथेही रांगा होत्या. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं," मास्तर पँटची घडी घालत म्हणाले. "कापड खोटं बोलत नाही."

डॉक्टर यंत्र आवरणार तेवढ्यात त्यांची नजर मास्तरांच्या बायकोच्या लाल चेहऱ्यावर गेली. त्यांनी तिचाही दंड मागितला. यंत्राने जे सांगितलं ते त्यांना अजिबात आवडलं नाही. गोड बंद, रोज चालणं, वेळेवर झोप, डोक्याला ताप नको. मास्तर गंभीर चेहऱ्याने एकेक सूचना ऐकत होते. लेकीच्या नजरेतला धाक आता आईकडे वळला होता. तेवढ्यात मास्तरांनी बायकोचा बाहेर जाताना घालायचा निळा कोट खुंटीवरून काढून नजरेनेच मापला.

दुसऱ्या सकाळी बायको चालायला निघाली. कोट अंगात चढला, पण बटणं काजांच्या जवळपासही येईनात.

"घट्ट होतोय का गं?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

तिने पाठीवर हात फिरवला. मागची शिवण जिथल्या तिथे होती. मग तिचा हात बाजूला गेला आणि तिथे थांबला. "छे, अगदी मापात आहे," ती म्हणाली. दारापर्यंत गेली, रुमाल विसरले म्हणून परत आत आली, आत जरा वेळ रेंगाळली आणि मग गेली.

मास्तर खुशीत गुणगुणत कामाला बसले. एक शिवण उसवायची होती म्हणून त्यांनी खण उघडला. छोटी सुरी जागेवर नव्हती. त्यांनी खण पूर्ण ओढला, मशीनखाली पाहिलं, खिसे चाचपले. मग काहीतरी लक्षात येऊन उठले आणि खिडकीशी गेले. रस्त्याच्या टोकाशी निळा कोट चालला होता, वरपासून खालपर्यंत बटणं लावलेला, दोन्ही हात ऐसपैस हलवत.