पणजोबांची ठिणगी

पणजोबांची बंदूक गॅसच्या शेगडीशेजारी सापडली, तेव्हा सेनापतींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सेनापती ही पदवी त्यांना शेजाऱ्यांनी दिली होती. एरवी ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी हत्यार म्हणून कागदांना भोकं पाडायचं यंत्र तेवढं चालवलं होतं. पण दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात त्यांच्या पणजोबांची बंदूक होती. सबंध बंदूक नव्हे, तिचा उरलेला चाप. हाताएवढी पोलादी पट्टी, तिच्यावर मान वाकडी करून बसलेला घोडा आणि घोड्याच्या तोंडात गारगोटी. खटका ओढला की घोडा पोलादावर आपटायचा आणि ठिणग्या उडायच्या. बाजूला एक बारकी नळी होती. तिच्यात पणजोबा दुर्बीण बसवून नेम धरत, असं सेनापती प्रत्येक पाहुण्याला सांगत.

"अगं, हे काय केलंस?" ते गरजले. "या चापानं रणांगण गाजवलंय!"

"लायटर बिघडलाय म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडतेय मी," बायको शांतपणे म्हणाली. "तुमचे पणजोबा एका फटक्यात पेटवतात. फक्त गारगोटी झिजली होती, ती कुंडीतली बसवली."

"कुंडीतली!" सेनापतींनी चाप उचलून छातीशी धरला.

आणि हे आजच व्हायचं होतं! आज संग्रहालयातल्या बाई येणार होत्या. हा चाप कुठे घडवला गेला ते त्या ठरवणार होत्या आणि मग शस्त्रांच्या दालनात, काचेआड, घराण्याच्या नावाच्या पाटीसह तो विराजमान होणार होता. त्याच दालनात मुलीच्या सासऱ्यांची तलवार आधीच टांगलेली होती. व्याही ही गोष्ट कुणाला विसरू देत नसत. लेकीच्या लग्नात त्यांनी ती चारदा सांगितली होती, त्यातली एकदा तर माइकवरून. म्हणून सेनापतींनी त्यांनाही मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. चाप परदेशी निघाला तर पणजोबांनी तो शत्रूच्या हातातून हिसकावला आणि इथलाच निघाला तर तो त्यांनी स्वतः घडवून घेतला, अशी दोन्ही भाषणं त्यांनी पाठ करून ठेवली होती.

घंटा वाजली. सेनापतींनी घाईघाईने काजळी पुसली आणि चाप मखमलीवर ठेवला.

व्याही सोफ्यावर ऐसपैस बसले. बाईंनी भिंग काढलं.

"पट्टीवर घडवणाऱ्याची खूण असते. इथे काहीच दिसत नाही."

"दर रविवारी पॉलिश करतो आम्ही," सेनापती अभिमानाने म्हणाले. "आजोबांपासूनची शिस्त आहे."

"मग तुम्हीच घासून काढलीत ती."

व्याह्यांना खोकला आला. तो खोकला नव्हता हे सेनापतींना पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी चाप नाकाशी नेला. "काजळी वाटतेय."

"लढाईतली!" सेनापती चटकन म्हणाले.

"पट्टी अजून कोमट आहे हो."

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन बायको आली. "असणारच. आत्ताच तर त्यानं गॅस पेटवलाय. चहा घ्या."

सेनापतींना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाई मात्र एकदम सावरून बसल्या. त्यांनी चाप उलटा केला, सुलटा केला, नळीत करंगळी घातली.

"बंदुकीत ठिणगी आतल्या दारूपर्यंत जायला भोक लागतं. इथे भोकच नाही. आणि ही नळी मेणबत्ती उभी करायची. अहो, ही बंदूक नव्हेच. काडेपेट्या यायच्या आधी चूल आणि दिवा पेटवायला असे चाप करायचे. घडण परदेशी आहे, पण वस्तू स्वयंपाकघरातलीच. तुमचे पणजोबा नक्की काय करत होते?"

"सैन्यात होते!"

"सैन्याला जेवायलाही लागतंच," व्याही गोड आवाजात म्हणाले.

बाईंचा आनंद गगनात मावेना. "बंदुका आमच्याकडे ढीगभर आहेत. हे मात्र एकही नाही! आम्ही हे लगेच घरगुती वस्तूंच्या दालनात ठेवू. कढया आणि किसण्यांच्या शेजारी."

"किसण्यांच्या?" सेनापती उभे राहिले. "आमच्या घराण्याचा पराक्रम किसण्यांच्या शेजारी? मुळीच देणार नाही! चहा झाला असेल तर या तुम्ही!"

चाप कपाटात गेला, कुलूप लागलं, किल्ली खिशात गेली. बाई हळहळत गेल्या. व्याही हसू दाबत गेले आणि जिन्यात पोहोचल्यावर त्यांनी ते दाबायचं सोडून दिलं. वरपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळपर्यंत सेनापती कपाटासमोर येरझाऱ्या घालत होते. तीन पिढ्यांनी घासलं कशाला, तर चूल पेटवायच्या खटक्याला! आणि ती दुर्बीण! किती लोकांना सांगितली होती ती दुर्बीण! शेवटी घसा कोरडा पडला.

"चहा टाक."

"कशानं पेटवू? किल्ली तुमच्या खिशात आहे."

सेनापतींनी नाइलाजाने कुलूप उघडलं. पण बायकोच्या हाती द्यायला मन होईना. ते स्वतः शेगडीपुढे उभे राहिले आणि खटका ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. घोडा नुसता आपटत राहिला.

"घोडा पुरता मागे ओढा. अर्धवट ओढला की ठिणगी पडत नाही," बायको म्हणाली. "आणि जरा वाका. शेगडीला सलामी द्यायची नाहीये."

ते वाकले. घोडा मागे ओढला. खटका दाबला. ठिणग्यांचा फवारा उडाला आणि शेगडी भप्पकन पेटली.

सेनापती त्या निळ्या ज्योतीकडे बघतच राहिले. सगळा जन्म काचेआड जपलेली वस्तू त्यांनी आज पहिल्यांदा चालवली होती. मग ते ताठ मानेने दिवाणखान्यात गेले आणि त्यांनी फोन उचलला.

"कोण, व्याही का? आमचा चाप अजून चालतो म्हटलं! आत्ता शेगडी पेटवलीय त्यानं. तुमच्या त्या तलवारीनं एक कप चहा करून दाखवा!"