झाडाच्या वतीने हॅलबर्ड

आमच्या बांधावरचं रायवळ आंब्याचं झाड पहिल्यांदा बोललं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. कोरडी फळी सरकवावी तसा आवाज आला, "फांदी सोड, मोडेल." मी सोडली आणि पडलो. त्यानंतर साठ वर्षांत ते गरजेपुरतंच बोललं. त्यामुळे यंदा त्याने तहसील कचेरीकडे द्वंद्वाचा तोंडी अर्ज केला, हे ऐकून मला जरा नवलच वाटलं.

वरच्या वाडीचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि झाड मधे येत होतं. अशा झाडाला दोन प्रकारे हरकत घेता येते, लेखी किंवा लढून. लेखी हरकत स्वतःच्या अक्षरात लागते, म्हणून झाडाने लढणं निवडलं. प्रतिनिधी म्हणून माझं नाव दिलं, अण्णा मांडवकर. कचेरीतले शेट्ये कारकून झाडाखाली उभे राहून सगळं लिहून घेऊन गेले.

"माझं वय बघितलंस का?" मी झाडाला विचारलं.

"माझं बघ," झाड म्हणालं.

द्वंद्वाचा नियम युरोपातून आलेला असल्यामुळे हत्यारही तिकडचंच लागतं. त्याला हॅलबर्ड म्हणतात. माणसाहून उंच दांडा, टोकाला भाल्याचं पातं, पात्याखाली एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आकडा. कचेरीने दोन पाठवले, एक मला आणि एक सुहास खडपेला. सुहास रस्त्याच्या कामावर मुकादम, तो रस्त्याच्या बाजूने लढणार होता. त्याचं घर बांधाला लागूनच. त्याच्या आईचे गुडघे गेलेत. गेल्या साली तिला दवाखान्यात न्यायला चौघांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं होतं. त्याला रस्ता का हवा, हे मला ठाऊक होतं.

दोघांना एकत्रच शिकवायचं असा नियम आहे. शाळेच्या पटांगणावर आठ दिवस वर्ग झाला. शिकवायला कुडतरकर बाई होत्या, निवृत्त ड्रिलच्या शिक्षिका. हातात वही, गळ्यात शिट्टी.

"पातं भोसकायला, कुऱ्हाड हाणायला, आकडा ओढायला," बाई म्हणाल्या. "आणि खालचं टोक विसरायचं नाही. तेही लागतं."

"बाई, याने नारळ पडेल का?" सुहासने विचारलं.

"नियमात नारळ नाहीत, खडपे. पाय फाकवा."

पहिले दोन दिवस नुसतं उभं राहायला शिकलो. एक हात पुढे, एक मागे, पात्याचं टोक समोरच्याच्या तोंडाकडे. मग चाल. आधी पातं पुढे जातं, पाय नंतर. पाय आधी गेला तर माणूस हत्याराच्या आधी पोचतो. मला हे फार आवडलं. घरी जाताना मी हातात काही नसतानाही तसंच चालून बघितलं.

पाचव्या दिवशी बाईंनी आमचे दांडे एकमेकांना टेकवले. "आता डोळे मिटा. समोरच्याचा जोर दांड्यातून हाताला कळतो. तो ढकलत असेल तर वाट द्या. सैल पडला की आत शिरा."

हे मला येत होतं. चाळीस वर्षं मी बागायतदारांकडे झेल्याने आंबे काढले. झेला म्हणजे लांब बांबू, टोकाला छोटं पातं आणि जाळी. फळ तयार आहे की नाही, ते बांबूच्या दुसऱ्या टोकाला हाताला कळतं. देठासकट जाळीत घ्यायचं आणि अलगद खाली आणायचं. जमिनीला लागलेला आंबा पेटीत जात नाही.

"अण्णा, तुम्ही कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

"झाडावर," मी म्हटलं. मग मला राहवेना. "बाई, तिकडे युरोपात आंबे होते का?"

"नव्हते."

"मग आकडा कशाला केला?"

"घोड्यावरच्या माणसाला खाली ओढायला."

"आणि त्याला झेलायचं कोणी?"

बाईंनी वही चाळली. बराच वेळ चाळली. "तसं काही दिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी झाडाखाली सराव करत असे.

"पाय जवळ आलेत," झाड म्हणायचं.

"तुला काय कळतं पायांतलं?"

"उभं कसं राहायचं ते कळतं."

द्वंद्व रविवारी सकाळी झाडासमोरच झालं. पात्यांना रबराच्या टोप्या घातल्या होत्या. शेट्यांनी नियम वाचला, ज्याचं हत्यार आधी जमिनीला लागेल तो हरला. झाड हरलं तर सोमवारी तोडणी. बाईंनी शिट्टी वाजवली.

दांडे टेकले. सुहास ढकलत होता. मी वाट दिली. तो सैल पडला, तसा मी आकडा त्याच्या दांड्यात अडकवला आणि देठ पिळतात तेवढंच मनगट फिरवलं. हॅलबर्ड त्याच्या हातातून सुटला, उंच गेला, वरच्या वर फिरला आणि खाली यायला लागला.

मी माझा टाकला आणि त्याचा दोन्ही हातांनी झेलला.

शेट्ये वाकून जमिनीकडे बघत होते.

"मांडवकरांचं हत्यार जमिनीला लागलेलं आहे," ते म्हणाले. "खडप्यांचं लागलेलं नाही."

"अहो, पण ते माझ्या हातातच नाहीये!" सुहास ओरडला.

"कोणाच्या हातात असावं, ते नियमात नाही."

"अण्णा, पडू द्यायचं होतंत ना!"

"खाली येत होतं रे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्याचा हॅलबर्ड त्याला दिला आणि मी झाडाकडे गेलो. खोडावर हात ठेवला. "चुकलं माझं," म्हटलं.

मग माझ्या पायाखालची माती हलली. त्याने एकेक मूळ बाहेर काढलं, जपून, शेजारचा बांध न ढासळवता. मी बाजूला झालो. वाटेत सुहासच्या घरापुढच्या खळ्यात कपड्यांची दोरी होती. सुहास धावत गेला, आकड्याने दोरी खाली ओढून जमिनीशी धरून उभा राहिला. त्याची आई दारात खुर्चीवर बसली होती. तिने हात जोडले.

"झाड जागेवर आढळले नाही," शेट्ये मोठ्याने म्हणत लिहीत होते. "बाई, साक्षीदार म्हणून सही करा."

झाडाने दोरी ओलांडली. खळ्यात चटईवर आमसुलं वाळत होती. त्यांना वळसा घालून ते उताराने निघून गेलं.