बोटांना लागलेली गाठ

"सोनोग्राफी कशाला? माझी बोटं काय मेलीत?" यकृतावरून हात फिरवत सर्जनसाहेब म्हणाले.

टेबलावर निवृत्त हेडमास्तर बेशुद्ध पडले होते, पोट उघडं. आधीच्या तपासणीत दिसलेली एकुलती एक गाठ बोटांना लागली होती. ती काढायची आणि शिवून मोकळं व्हायचं, असा साहेबांचा बेत. बावीस वर्षं त्यांच्या हातात हत्यारं देणाऱ्या सिस्टरना तो पटेना. आत खोल दुसरी गाठ असली, तर वर्षभरात हेडमास्तरांना पुन्हा फाडावं लागणार. साहेबांचं काय जातं? त्यांचा अहंकार कापेल असं हत्यार कुठल्याच ट्रेमध्ये नव्हतं.

"साहेब, एकदा लिव्हरवर मशीन लावून बघा."

"आणि काही नाही निघालं तर?"

"तर यापुढे तोंड उघडणार नाही."

या आमिषाला साहेब भुलले.

पण मशीन जागेवर कुठंय? साहेब वापरत नाहीत म्हणून बाळंतपणाच्या वॉर्डानं ते कधीच पळवलं होतं. वॉर्डबॉय मामांनी ते ढकलत आणलं. निर्जंतुक पिशवीत घातलेला मशीनचा प्रोब साहेबांनी नाक मुरडत यकृतावर टेकवला, आणि पडद्यावर खोल गाभ्यात दुसरी गाठ उगवली. साहेबांनी तिथं बोटं दाबली. काही लागेना.

"मोजा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

भूलवाल्या डॉक्टरांनी बटणं दाबली. चिठ्ठी छापून आली ती न वाचताच फाइलला लागली. दोन्ही गाठी निघाल्या. औषधांच्या यादीबरोबर फाइल बाहेर हेडमास्तरांच्या बायकोच्या हाती गेली.

थोड्या वेळानं साहेब छाती फुगवून बाहेर आले. "काकू, दोन गाठी होत्या. एक फार खोल, पण या बोटांना बरोब्बर लागली."

मागे सिस्टरनी मास्क पुन्हा तोंडावर ओढला. सवयीचं होतं.

काकूंनी चिठ्ठी पुढे केली. "मग हेही बोटांनाच लागलं का? 'गर्भ एक, वय नऊ आठवडे.' आमचे हे एकसष्टीचे आहेत, डॉक्टर."

साहेबांचा चेहरा पडला. "ते बाळंतपणाच्या वॉर्डातलं मशीन. जे मोजेल त्याला बाळच समजतं."

"म्हणजे सापडली बोटांना आणि मोजली मशीननं?"

साहेबांनी सिस्टरकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

"सापडलीही मशीनलाच," साहेब पुटपुटले. "सिस्टर मागेच लागल्या म्हणून लावलं."

"जरा मोठ्यानं सांगा. मला कमी ऐकू येतं."

काकूंचे कान चांगले तिखट होते. पण हेडमास्तरांच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई ती. कबुली शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली पाहिजे, एवढं तिला कळत होतं.