रिकामी फेरी

गायकवाड बाईंना "कशा आहात?" असं विचारलं की त्या बसगाड्यांची खबरबात सांगतात. "हिंजवडीची पहिली वेळेवर गेली. कात्रजची चांदणी चौकात अडकलीय. चिंचवडचा क्लच गेला होता, आता बराय." एवढं बोलून त्या समोरच्याकडे बघतात, की याला आता आणखी काय हवंय. एकदा बाई तापाने फणफणल्या होत्या. डॉक्टरांनी नाडी हातात धरून तोच प्रश्न विचारला, तर उत्तर आलं, "दोन गाड्या ब्रेकडाउन आहेत." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ताप परवापासून आहे, खोकला नाही." बाईंच्या तब्येतीची माहिती मला विचारावी लागते आणि मलाही ती अंदाजानेच सांगावी लागते.

मी मुजावर, बाईंच्या ऑफिसचा मॅनेजर. ऑफिस म्हणजे वारज्याच्या पुढे बसेसचं यार्ड आहे, त्यातली पत्र्याची शेड. हिंजवडीत नुसता ऊस होता तेव्हा बाई एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, आणि त्यांची आई सोडून सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढे उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या, इमारतींत कॉम्प्युटरवाली पोरं आली आणि पोरांना आणायला-न्यायला बाईंच्या बसेस धावू लागल्या. या सगळ्या धावपळीत लग्न करायचं राहिलं. "विसरले," असं बाई सांगतात, आणि त्या खरं बोलत असाव्यात अशी मला शंका आहे.

मायलेकी कर्वेनगरला राहायच्या. गेल्या वर्षी आई गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई यार्डात हजर. मी विचारलं, "कशा आहात?" तर म्हणाल्या, "सगळ्या मार्गावर आहेत." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

बाईंना जगात एकाच गोष्टीचं भय आहे, ते म्हणजे रिकामी फेरी. बस माणसं सोडून रिकामी परत येते म्हटलं की त्यांना अन्न गोड लागत नाही. पूर्वी शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नसत, निदान चिमूटभर साखर तरी घालून देत. बाईंनी तोच नियम बसला लावलाय. परतीच्या फेरीत शाळेची मुलं घे, कुणाचं वऱ्हाड कात्रजला पोचव, असं त्यांचं चाललेलं असतं. काहीच मिळालं नाही तर त्या स्वतः जाऊन बसमध्ये बसतात. "एक तरी सीट भरली ना," असं म्हणतात. एकदा मलाही उगीचच हिंजवडीला नेऊन परत आणलं होतं.

अशा या बाईंना एका मोठ्या हॉटेलात उद्योजक महिलांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. विषय होता व्यक्तिमत्त्वाचा विकास आणि मनाचं आरोग्य. संध्याकाळी त्या परत आल्या त्या पार गोंधळून.

"मुजावर, तिथे धंद्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं हो. चांगल्या चांगल्या कंपन्यांच्या बायका, आणि स्वतःबद्दल बोलत होत्या. एक तर रडली."

"का?"

"तेच तर कळलं नाही. तिचा धंदा उत्तम चाललाय. मी शेजारणीला विचारून घेतलं."

तिथे प्रत्येकीला विचारलं होतं, वर्षभरात तुमची वाढ किती झाली? बाई उठून म्हणाल्या, चार बसेस वाढल्या. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणारी बाई गोड हसून म्हणाली, "मॅडम, मला आतून विचारायचंय." त्यावर आमच्या बाईंनी सांगितलं, "आतून सगळ्यांना नवीन सीट कव्हर घातलीत." पुन्हा टाळ्या पडल्या आणि त्या कशाला पडल्या हे बाईंना अजून कळलेलं नाही.

पण बाईंच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते यार्डातून फिरून येतंच. आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं, की गाडीचं जसं सर्व्हिसिंग होतं तसं ड्रायव्हर लोकांच्या मनाचंही व्हायला हवं. दर गुरुवारी दुपारी मुग्धा नावाची एक समुपदेशक मुलगी येणार, टायरच्या खोलीत बसणार आणि एकेकाशी अर्धा अर्धा तास बोलणार. टायर बाहेर काढले, खोलीला चुना लावला, दोन खुर्च्या आणि एक कुंडी ठेवली. बाहेर पाटी कोणती लावायची यावर आमची बरीच चर्चा झाली आणि शेवटी "हवा भरणे" ही जुनी पाटीच राहून गेली.

पहिल्या गुरुवारी एकही ड्रायव्हर फिरकला नाही. आत गेलं की लायसन काढून घेतात, अशी बातमी होती. आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर म्हणजे मुळशीकडचे मारणे. त्यांना मी समजवायला गेलो.

"मारणे, नुसतं मन मोकळं करायचं."

"साहेब, माझं मन मोकळंच हाय. त्यात काय बी न्हाई."

तिकडे मुग्धा रिकाम्या खुर्चीसमोर बसलेली. बाई शेडच्या दारातून तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांचा जीव वरखाली होत होता. रिकामी फेरी चाललेली होती, तीही त्यांच्या डोळ्यांदेखत. शेवटी त्यांना राहवेना. पदर खोचून उठल्या, म्हणाल्या, "सीट वाया चाललीय," आणि आत जाऊन बसल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा आत गेल्या. पुढच्या गुरुवारीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. आत काय चालतं हे विचारायची माझी छाती झाली नाही. बसेसचीच चर्चा होत असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग एका गुरुवारी मुग्धा निघताना माझ्या टेबलाशी थांबली.

"सर, एक डेलिकेट गोष्ट आहे. सेशनमधलं मी बाहेर बोलत नाही. पण हे बाईंचं स्वतःचं नाहीये, म्हणून विचारते. तुमच्याकडे एक ड्रायव्हर आहेत का, जे एकटे राहतात? बाई नेहमी त्यांच्याबद्दल बोलतात. नाव सांगत नाहीत."

"काय झालंय त्याला?"

"घरी जावंसं वाटत नाही त्यांना. खाली गाडी लावून तिच्यातच बसून राहतात. कुलूप उघडल्यावर आत कोणीतरी बोलत असावं म्हणून सकाळी टीव्ही चालू ठेवून निघतात. जेवतात ते ओट्याशी उभ्याने. त्यांनी स्वतः यायला हवं, सर. प्लीज बघा ना."

मन थाऱ्यावर नसलेला एक माणूस आमची बस चालवतोय, मागे चाळीसेक लेकरं झोपलेली आहेत आणि समोर बायपासचा उतार आहे! त्याला शोधून काढायचाच, असं मी ठरवलं.

शोध मात्र काही केल्या लागेना. थेट विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी प्रत्येकाला सहज म्हणून विचारायला लागलो, "घरी कोण कोण असतं?" मारण्यांच्या घरी नऊ माणसं निघाली. "एकटं ऱ्हायाला मिळालं तर पेढे वाटीन साहेब," ते म्हणाले. दुसऱ्याच्या घरी सासू येऊन राहिली होती आणि ती जायची चिन्हं नव्हती. तिसऱ्याच्या खोलीत गावाकडची चार पोरं झोपत होती. ज्याच्यावर माझा सर्वांत जास्त संशय होता, तो गप्प गप्प असायचा खरा, पण त्याला दोन घरं सांभाळावी लागत होती म्हणून. ते प्रकरण मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

इकडे यार्डात भलतीच बातमी पसरली. सडाफटिंग माणसांना कामावरून कमी करणार! शनिवारी सकाळी पाहतो तर ड्रायव्हर मंडळी पुरावा म्हणून बायकापोरांसकट हजर. एकाने म्हातारी आत्या खुर्चीसकट आणली होती. बाई शेडमधून बाहेर आल्या, जमलेली गर्दी पाहिली आणि म्हणाल्या, "मुजावर, ही कुठली ट्रिप?" मी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. लहान पोरांना बाईंनी एका बसमधून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणलं, त्यामुळे निदान ती फेरी तरी भरलेली गेली.

आता करायचं काय, हे मला समजेना. एकटा राहणारा ड्रायव्हर आमच्याकडे नव्हताच. बाई कुणाबद्दल बोलत होत्या मग?

सोमवारी संध्याकाळी एका परमिटच्या कागदावर तातडीने बाईंची सही हवी होती. त्या नुकत्याच घरी गेल्या होत्या, म्हणून मी कर्वेनगरला त्यांच्या सोसायटीत गेलो. वर जाऊन बेल वाजवली. आत कोणीतरी मोठ्याने शेअर बाजाराबद्दल बोलत होतं, पण दार उघडायला कोणी येईना. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि एक आजोबा बाहेर आले.

"आपण त्यांच्या ऑफिसचे का? मग आपल्या बाईंना सांगा, बातम्या ऐकण्यासाठी आम्ही स्वतंत्र टीव्ही घेतलेला आहे. त्यांनी सकाळपासून आमची सोय करण्याची गरज नाही."

"बाई आत नाहीत?"

"खाली आहेत. रोजच असतात."

मी खाली आलो. पार्किंगच्या कोपऱ्यात बाईंची जुनी मारुती उभी होती. इंजिन बंद होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बाई आत बसल्या होत्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्या भिंतीवर 'येथे वाहन लावू नये' एवढंच लिहिलेलं होतं.

मी किती बावळट माणूस आहे! सबंध यार्ड पालथं घातलं, एक आत्या खुर्चीसकट वारज्याला आणवली आणि रोज सकाळी स्वतःची गाडी स्वतः चालवत येणारा ड्रायव्हर माझ्या समोरच्या टेबलाशी बसत होता. मला फार वाईट वाटलं. आत बसून काहीतरी बोलावं असंही वाटलं. शेवटी काचेवर टकटक केली. बाईंनी काच खाली केली.

"इंजिन गरम झालं होतं," त्या म्हणाल्या. "थंड होऊ देतेय."

मी कागद पुढे केला. त्यांनी सही केली. मी निघालो.

रात्री जेवताना मी रेहानाला, म्हणजे माझ्या बायकोला, एवढंच म्हटलं की आमच्याकडे एक ड्रायव्हर आहे, घरी एकटाच असतो. ती लगेच म्हणाली, "रविवारी जेवायला बोलवा. दालचा करते." आमच्या घरी सगळ्या दुःखांवर दालचा हा एकच इलाज आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना "कशा आहात?" असं विचारलंच नाही. बसेसची खबर मला तोंडपाठ होती. चहा आला, पोऱ्या कप ठेवून गेला, तेव्हा मी फाइलीत डोकं घालून म्हटलं, "बाई, तो तुमचा ड्रायव्हर कसा आहे?"

फुंकर मारल्याचा आवाज आला. बाई चहा निववत होत्या.

"कोणता?"

"मुग्धा म्हणत होती तो. नाव काही तिला ठाऊक नाही."

"बराय," बाई हळूच म्हणाल्या. "काल जरा बरा नव्हता. आज बराय."

"आमच्या घरच्यांनी त्याला रविवारी जेवायला बोलवलंय."

"त्याला कशाला? ओळख ना पाळख."

"त्याचंही पान धरलंय, बाई. आला नाही तर ते रिकामं जाईल."

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला समजलंय हे त्यांना समजलं की नाही, ते मला समजलं नाही. "विचारून बघते त्याला," असं म्हणून त्या चिंचवडच्या क्लचकडे वळल्या. मुग्धाला तरी हे आधीपासून ठाऊक होतं का? तिला पुढे एकदा विचारलं, तर ती नुसती कुंडीला पाणी घालत राहिली.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात बाई उभ्या होत्या, हातात आईंचा जुना पितळी डबा. रेहानाने त्यांच्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं.

"ड्रायव्हर कुठेत?"

"त्याला जमलं नाही," बाई म्हणाल्या. "पान रिकामं जायला नको, म्हणून मी आले."

"फार बरं केलंत. कशा आहात?"

मी सवयीने बसेसची वाट पाहिली. पण रविवार होता, आयटीवाल्यांना सुट्टी, आणि एकही गाडी मार्गावर नव्हती. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे पाहिलं. अंदाजाने का होईना, उत्तर मी देईन असं त्यांना वाटलं असावं. पण या वेळी मी गप्प राहिलो.

"बरी आहे," बाई म्हणाल्या, आणि चप्पल काढता काढता खाली बघून पुढे म्हणाल्या, "पण आई गेल्यापासून घरी जाववत नाही हो."

"मग लगेच जायचं कशाला?" रेहानाने त्यांच्या हातातला डबा घेतला. "बसा आधी."

बाई जेवल्या, बसून, पोटभर. दुपारी रेहानाच्या खोलीत त्यांना गाढ झोप लागली, आणि चहाला उठवेपर्यंत आम्ही घरात टीव्ही लावला नाही.