उत्स्फूर्त प्रश्नांची तालीम

"चिठ्ठीवर लिहून घेऊ का, भाऊजी?" मेहुण्याने विचारले.

"चिठ्ठी मुळीच नको," गवताळ सर कळवळून म्हणाले. "प्रश्न आतून आला पाहिजे. ऐकता ऐकता आत्ताच सुचला, असं वाटलं पाहिजे. म्हणून पाठ कर."

गवताळ सर हे विद्यापीठाच्या रशिया व युरेशिया अभ्यास विभागाचे प्रमुख. मध्य आशियातील अफाट गवताळ प्रदेशांच्या चिंतनात त्यांनी उभे आयुष्य वेचले होते आणि विद्यार्थ्यांनी त्याची पोच म्हणून त्यांना हे नाव बहाल केले होते. नाव टिकले, विद्यार्थी मात्र उत्तरोत्तर विरळ होत गेले. आता सर स्वतः, एक तरुण सहायक प्राध्यापिका आणि भिंतभर पसरलेला नकाशा, एवढाच विभागाचा संसार उरला होता.

त्या संसारावरही गंडांतर आले होते. मागच्या सार्वजनिक व्याख्यानात वक्ता सैबेरियातील गोठलेल्या नद्यांवर बोलला, उत्तम बोलला, आणि शेवटी त्याने नम्रपणे विचारले, "काही प्रश्न?" त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली, ती त्या नद्यांनाही शोभली असती. अखेर मागच्या रांगेतून एक हात वर झाला. सरांचे डोळे भरून आले. त्या गृहस्थाने विचारले, "तो पंखा जरा कमी करता येईल का?"

जाताना अधिष्ठाताबाई, म्हणजे सगळ्यांच्या डीनबाई, सरांजवळ थांबल्या. "सर, ज्या विभागाबद्दल लोकांना एकही प्रश्न पडत नाही, तो विभाग हवाच कशाला, असा प्रश्न मला पडलाय. पुढच्या व्याख्यानाला बघते. तेव्हाही हेच झालं, तर तुम्हाला हॉटेल व्यवस्थापनात विलीन करून टाकते."

नकाशा उतरवला जाईल, त्या जागी हातरुमालाचा हंस कसा घडवावा याचा तक्ता टांगला जाईल आणि आपण त्याच्याखाली उभे राहून हंसाची मान वळवून दाखवत असू, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून आज जेवणाच्या टेबलाभोवती ही तालीम चालली होती.

प्रश्नकर्ते तीन: सरांची पत्नी, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला तिचा धाकटा भाऊ, आणि शेजारचा दंतवैद्य. हा दंतवैद्य दुसऱ्यांना तोंड उघडायला लावण्यात निष्णात होता. स्वतःचे उघडताना मात्र त्याला घाम फुटे.

"आपण आत्ताच जे मार्मिक विवेचन केलंत," दंतवैद्य डोळे घट्ट मिटून म्हणू लागला, "त्यावरून विचारावंसं वाटतं, की जी माणसं एका जागी राहतच नाहीत, त्यांच्याकडून राजा कर वसूल कसा करायचा?"

"फार छान. पण डोळे उघडे ठेवा."

"उघडले की विसरतो, सर."

मेहुण्याच्या वाट्याला घोडदळाचा प्रश्न आला होता. "आपण आत्ताच जे मार्मिक विवेचन केलंत, त्यावरून विचारावंसं वाटतं, की एवढ्या घोड्यांना पाणी कुठून मिळायचं? आणि भाऊजी, दाब किती असायचा तेही विचारतो."

"अरे, पाइप नव्हते तिथे!"

"पाइप नाहीत, मग दाब येणार कसा?" मेहुणा खरोखरच चिंतेत पडला.

"हाच प्रश्न विचार. पण सभेत."

पत्नीला प्रश्न दिला होता, की तंबूत हुकूम कुणाचा चालत असे. ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "हा मला पाठ करायला नको. उत्तरसुद्धा ठाऊक आहे मला."

तिघे एकाच वेळी उठले तर कट उघडा पडेल आणि मध्ये खंड पडला तर ती जुनी शांतता पुन्हा येऊन बसेल, या भयाने सरांनी खुणा ठरवल्या. त्यांनी चष्मा काढला की दंतवैद्याने उठायचे, पाण्याचा पेला उचलला की मेहुण्याने, आणि रुमालाने कपाळ टिपले की पत्नीने. आपले काम एवढेच, पाहुण्यांचे भाषण संपल्यावर सावकाश चष्मा काढणे, असे म्हणून सरांनी कित्येक दिवसांनी सुटकेचा सुस्कारा सोडला.

एक शल्य तेवढे राहिले होते. मूठभर श्रोते वरच्या मजल्यावरच्या मोठ्या सभागृहात बसले, की ओसाड माळावर चुकलेल्या गुरांसारखे दिसतात. तेच लहान खोलीत बसले, की गर्दी होते. हे तत्त्व सरांना फार उशिरा, म्हणजे व्याख्यानाच्या आदल्या दिवशी, उमगले. त्यांनी तातडीने व्याख्यान तळमजल्यावरच्या चर्चाकक्षात हलवले आणि ज्या ज्या श्रोत्याचे नाव आठवले, त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून बदल कळवला. डीनबाईंच्या कार्यालयालाही कळवला.

दुसऱ्या दिवशी चर्चाकक्ष खरोखरच भरला. काही मंडळी तर दाराशी उभी होती. सरांनी ते दृश्य डोळे भरून पाहून घेतले. श्रोते होते, नव्हते फक्त पाहुणे वक्ते.

सहायक प्राध्यापिका त्यांच्या स्वागतासाठी पुष्पगुच्छ घेऊन मुख्य फाटकावर उभी होती. सरांनी तिला फोन लावला.

"पाहुणे आले का हो, बाई?"

"नाही ना, सर. त्यांचा फोनपण बंद आहे. फुलं माना टाकायला लागलीत."

"तुम्ही टाकू नका. तिथेच थांबा."

वेळ सरत चालली. लोक आधी एकमेकांशी बोलले, मग छताकडे पाहू लागले, मग काहींनी निवांतपणे डोळे मिटले. अजून डीनबाई आल्या नाहीत, एवढाच काय तो दैवाचा अनुग्रह होता. त्या येण्यापूर्वी सभेची क्षमा मागून सर्वांना घरी धाडावे, म्हणजे निदान व्याख्यान पुढे ढकलले असे सांगता येईल, असा निश्चय करून सर उभे राहिले.

"मित्रहो," ते म्हणाले. नकाशा, हंस, मिटलेले डोळे, सारे एकदम दाटून आले. डोळ्यांच्या कडा ओलावल्या, म्हणून त्यांनी चष्मा काढला.

त्याच क्षणी मागचे दार ढकलून डीनबाई आत आल्या. आणि त्याच क्षणी दंतवैद्य ताडकन उभा राहिला. त्याला ना वक्ता दिसत होता, ना सभा; सकाळपासून त्याला केवळ तो चष्मा दिसत होता.

"आपण आत्ताच जे मार्मिक विवेचन केलंत," त्याने डोळे मिटून धडाधडा प्रश्न सोडला.

सभा दचकून जागी झाली. विवेचन? केव्हा? परंतु प्रत्येकाला वाटले, आपलाच डोळा लागला होता. आणि असे कबूल करणे कुणाही सुसंस्कृत मनुष्याला जड जाते. सगळ्यांनी माना डोलावल्या. डीनबाईंनीही पहिल्या रांगेत बसताना मान डोलावली. पाहुणे आले नसावेत आणि विभागप्रमुखांनी स्वतःच भाषण केले असावे, असा त्यांनी तर्क बांधला.

सर उत्तर देऊ लागले. दुसरे करण्यासारखे काही उरलेच नव्हते. भटक्या माणसाची मेंढरे मोजता येतात, पण ती मोजणारा अधिकारीही शेवटी त्यांच्यामागून भटकूच लागतो, असे काहीसे ते म्हणाले. लोक हसले. सरांच्या घशाला कोरड पडली. त्यांनी पेला उचलला.

"आपण आत्ताच जे मार्मिक विवेचन केलंत," मेहुणा गर्जला, "त्यावरून विचारावंसं वाटतं, की एवढ्या घोड्यांना पाणी कुठून मिळायचं? पाइपाशिवाय!"

पेला ओठांपर्यंत न नेताच सरांनी खाली ठेवला. विहिरी, वितळणारा बर्फ, नद्यांचे रुसवे, सारे सांगितले. सांगता सांगता कपाळावर घाम जमला आणि हात आपोआप रुमालाकडे गेला. पत्नीला एव्हाना सारा घोटाळा कळून चुकला होता. पण डीनबाईंची डोलणारी मानही तिने पाहिली होती. ती शांतपणे उठली.

"मला विचारायचंय, तंबूत हुकूम कुणाचा चालायचा?"

"बाईचा," सर मनापासून म्हणाले. "तंबू तिचाच. केव्हा उभारायचा आणि केव्हा उतरवायचा, ते तीच जाणे. पुरुष नुसता घोड्यावर बसून आपण निघालो असं समजायचा."

आता खुणा संपल्या होत्या. सर त्या जुन्या शांततेची वाट पाहू लागले. पण मागच्या रांगेत छत्री घेऊन बसलेली, कुणाबरोबर तरी आलेली एक वृद्धा, जिला त्यांनी पूर्वी कधी पाहिलेही नव्हते, सावकाश उभी राहिली.

"मग सर, ती माणसं घर कशाला म्हणायची हो?"

हा प्रश्न कुणी शिकवलेला नव्हता. एवढ्या वर्षांत सरांनी कितीतरी वक्त्यांची ओळख करून दिली, कितीतरी वक्त्यांचे आभार मानले. त्यांना स्वतःला मात्र कुणी काही विचारले नव्हते. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते बोलू लागले: जिथे गवत पुन्हा उगवेल तिथे आपण परत येऊ, हा जो भरवसा, त्यालाच ते घर म्हणत. मग दाराशी उभ्या असलेल्या एकाने प्रश्न विचारला, मग खिडकीजवळच्या दोघांनी.

शेवटी डीनबाई उठल्या. "मला यायला उशीर झाला, सरांचं भाषण हुकलं. पण ज्या भाषणातून इतके प्रश्न निघतात, ते भाषण काय असेल! सर, तुमचा विभाग राहतोय. कुणातही विलीन होत नाही."

टाळ्या वाजल्या. इतक्यात सभागृहाची देखभाल करणारे मामा दारात आले. त्यांच्यामागे पाहुणे वक्ते होते.

"सगळे इथे आहात होय!" पाहुणे म्हणाले. "मी मागच्या फाटकाने आलो, थेट वर मोठ्या सभागृहात गेलो. भाषण झालं माझं."

सरांना धरणी दुभंगल्यासारखे झाले. बदल त्यांनी प्रत्येक श्रोत्याला कळवला होता. वक्ता हा श्रोता नसतो.

"पण वर तर कुणीच नव्हतं!" ते पुटपुटले.

"आपल्या विषयात हे नेहमीचंच. म्हटलं, फोन बंद करावा आणि वेळेवर सुरू करावं. हे मामा मात्र शेवटपर्यंत ऐकत होते."

"काही विचारलं त्यांनी?" सरांना राहवले नाही.

"एकच. 'दिवे घालवू का?'"

"म्हणजे एका दिवसात दोन भाषणं!" डीनबाई हरखून गेल्या. "एक वर, एक इथे! पण सर, यांनी तुमचं ऐकलं नाही, मीही नाही. असं करू. पुढच्या महिन्यात तुमचं हेच भाषण, जसंच्या तसं, मोठ्या सभागृहात. मी अगदी पहिल्या वाक्यापासून बसणार."

"मीसुद्धा," छत्रीवाली वृद्धा ओशाळून म्हणाली. "सुरुवातीला जरा डोळा लागला होता माझा."

"माझाही," खिडकीजवळून कुणी म्हणाले. मग दाराशी उभ्या असलेल्या माणसानेही ते कबूल केले, जरी उभ्या माणसाचा डोळा लागणे कठीण असते.

"पण मी तर भाषण..." सर म्हणाले. त्यांचा हात कपाळाकडे निघाला, वाटेत थबकला आणि डोळ्यांशी गेला.

"अहो, चष्मा!" पत्नी ओरडली.

पण चष्मा हातात आला होता, आणि तिसऱ्या रांगेत डोळे घट्ट मिटून दंतवैद्य उभा राहिला होता.

"आपण आत्ताच जे मार्मिक विवेचन केलंत..."