कचऱ्याचा डबा धरून नाचणाऱ्या तमाराबाई

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर असं की शाईत पाय बुडवून कोंबडी चालली तरी बरं काढेल. ही वही कुणाला दाखवायची नाहीच, पण चुकून कुणाच्या हाती लागली तर त्याने डोळ्यांना त्रास करून घेऊ नये, म्हणून सांगून ठेवते.

इंग्लंडातल्या मेडनहेडच्या आमच्या गल्लीत दर गुरुवारी कचऱ्याची गाडी येते. शहाणी माणसं आदल्या संध्याकाळीच डबे बाहेर लावून मोकळी होतात. आमच्या शेजारच्या तमाराबाई मात्र सकाळी बरोबर सात वाजता डबा ढकलत आणतात, एका हाताने त्याची मूठ धरतात आणि एक पाय हळूहळू कमरेच्या वर नेतात. वय शहात्तर. अंगात स्वेटर, पायात लोकरीचे मोजे. पाय खाली आल्याशिवाय डबा सोडायचा नाही असा बाईंचा कायदा, त्यामुळे कचरेवाले गाडी थांबवून उभे असतात. एकदा एका नव्या माणसाने डबा मधेच ओढला.

"टेरिबल," बाई म्हणाल्या. "अगेन."

त्या बिचाऱ्याने डबा जागेवर नेऊन ठेवला आणि पुन्हा, नीट, सावकाश ओढला.

'टेरिबल, अगेन' हा त्यांचा रामराम आहे. पोस्टमनच्या चालीला तोच, माझा मुलगा निलेश गाडी लावतो त्यालाही तोच. माझं पहिलं थालीपीठ खाऊनही "टेरिबल" म्हणाल्या आणि रिकामी बशी पुढे केली, "अगेन." असं चार वेळा झालं.

बाई रशियाच्या. तिकडच्या मोठ्या थिएटरात बॅले करायच्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं. "अहो आई, शेजारी बॅलेरिना म्हणजे किती भारी!" असं म्हणत सून मधुराने लगेच माझ्या नातीचं, ईराचं, नाव त्यांच्या क्लासात घातलं. फी मी भरली, माझ्या साठवलेल्या पैशांतून. बारा शुक्रवारांचे एकशेवीस पाउंड, सगळे आगाऊ. मी मनात त्याचे रुपये केले आणि पेलाभर पाणी प्यायले.

क्लास चर्चच्या हॉलमध्ये. पहिल्या दिवशी पाच मुली होत्या. बाईंच्या गोड बोलण्याने चौथ्या शुक्रवारी एकटी ईरा उरली, आणि त्या संध्याकाळी तिनेही पाय आपटला.

"आजी, मला नाही जायचा. फ्रायडेला फुटबॉल असते."

"अगं, पण फी भरली आहे."

"ती मला सारखा टेरिबल म्हणतो!"

हे सांगायला मलाच जावं लागलं. इंग्रजी बोलायची मला लाज वाटते, पण बाईंपुढे वाटत नाही. त्यांचंही माझ्याइतकंच आहे.

"ईरा नो कम," मी म्हटलं. "मनी बॅक?"

"नो मनी बॅक." मग हातातल्या हॉलच्या किल्लीकडे बघत म्हणाल्या, "नो गर्ल, नो हॉल."

हॉलवाल्यांनी त्यांना बजावलं होतं, शिकणारं कुणी उरलं नाही तर शुक्रवार दुसऱ्याला देऊ.

आठ शुक्रवार बाकी, म्हणजे ऐंशी पाउंड. भरलेले पैसे वाया घालवणं आमच्यात पाप आहे. बुफेत पोट भरल्यावरही आमची माणसं उठत नाहीत ती त्यामुळेच. पुढच्या शुक्रवारी ईराच्या जागी मी जाऊन उभी राहिले. केवळ पैसे वसूल करायला. दुसरं काही नाही.

चौसष्ट वर्षांची मी, पंजाबी ड्रेसवर कार्डिगन. बाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"नेक," त्या म्हणाल्या. "व्हेअर इज नेक?"

लग्न झाल्यापासून ती खांद्यांत घालून ठेवली होती. शोधून बाहेर काढायला दोन शुक्रवार गेले.

"आई, तू खरंच नाचतेस?" निलेशने विचारलं.

"नाचत नाही रे, वसुली करतेय."

भिंतीलगतचा लाकडी दांडा धरून आम्ही दोघी उभ्या राहायचो, आणि दमले की फ्लास्कमधला चहा. त्या चहावर बाईंची थोरवी मला हप्त्याहप्त्याने कळली. दहा वर्षांच्या असताना त्यांच्या गावात माणसं आली, शाळेतल्या मुलींचे पाय आणि माना मोजल्या आणि ह्यांना दूरच्या शहरात नाच शिकायला घेऊन गेली. पुढे थिएटरात अठरा वर्षं काढली. एकदा फोटो आणला. पांढऱ्या झग्यातल्या बत्तीस मुली, सगळ्या एकसारख्या.

"यू व्हेअर?" मी विचारलं.

त्यांनी शेवटच्या रांगेच्या टोकाला बोट ठेवलं. तिथे कुणाच्या तरी मागून एक कोपर दिसत होतं.

म्हणजे सगळी गल्ली धाकात ठेवली होती ती एका कोपराच्या जोरावर! मी हसणार होते. पण बाई फ्लास्कचं झाकण घट्ट करत बोलतच राहिल्या. मागच्या रांगेचं कसबच असं, की कुणी वेगळं दिसायचं नाही. "यू सी मी, आय अ‍ॅम टेरिबल." त्यांची आई एकदाच बघायला आली, दोन दिवस आगगाडीत बसून. सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या खुर्चीवरून तिने सबंध खेळ पाहिला आणि नंतर लेकीला विचारलं, तू त्यातली कुठली होतीस?

झाकण कधीच घट्ट झालं होतं, तरी बाई ते पिळत होत्या. मंडळाच्या गणपतीत मीही कागदी बशा घेऊन मागेच उभी असते. पण मला कुणी बघायलाच आलेलं नसतं, तेवढं बरं.

शेवटच्या शुक्रवारी कळलं, पुढच्या आठवड्यापासून हॉल गेला तो गेलाच. हॉलवाले म्हणाले, एका आजीला मुलांचा क्लास म्हणता येत नाही. मी दांड्यापाशी गेले नाही. हॉलच्या मधोमध एक खुर्ची ओढली आणि बसले.

"यू डान्स," मी म्हटलं. "आय सी."

"नो. थर्टी-वन गर्ल नॉट हिअर."

"गुड. टुडे इझी टू फाइंड."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मागे, भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथून नाचल्या. गाणं नाही, बाजा नाही, ओठांत रशियन आकडे. पुढे एकतीस मुली असल्यासारख्या त्यांच्यासाठी जागा सोडून नाचल्या. थांबल्या तेव्हा मान खाली होती. त्यांची मान, खाली!

टाळ्या वाजवायची मला लाज वाटली.

"टेरिबल," मी म्हटलं. "अगेन."

दुसऱ्या वेळी बाई सगळ्यात पुढे येऊन नाचल्या.

पुढच्या गुरुवारी सात वाजता मी आमचा डबा ढकलत नेला आणि त्यांच्या डब्याशेजारी लावला. बाईंनी स्वेटरच्या खिशातून एक पाकीट काढलं.

"मनी बॅक. यू लर्न नथिंग."

मी तिथेच मोजले. एकशेवीस.

"ईरा फोर क्लास?" मी विचारलं. माझ्या मते त्या चाराचे चाळीस तरी त्यांचे होते.

"ऑल्सो नथिंग."

पै न पै परत केली होती. पाकीट कार्डिगनच्या खिशात घातलं आणि मी डब्याची मूठ धरली. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी येऊन थांबली होती.

"नेक," बाई म्हणाल्या.

मी मान बाहेर काढली.